तीन बाटल्या, एकच ‘१०डब्ल्यू-३०’: इंजिन ऑइल घेताना कोणती खूण कशाशी ताडून पाहावी

सुट्या भागांच्या दुकानात एकाच फळीवर ‘१०डब्ल्यू-३०’ हा एकच आकडा छापलेल्या तीन बाटल्या सहज सापडतात. त्यांतली एक गिअरच्या मोटरसायकलसाठी, दुसरी गिअरलेस स्कूटरसाठी आणि तिसरी पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारीसाठी बनवलेली असते. दुकानदाराला ‘दहा-तीस द्या’ एवढेच सांगणाऱ्या ग्राहकाच्या हातात त्यांपैकी कोणतीही पडू शकते, आणि त्याचा दोष ग्राहकाला देणे मला अन्यायाचे वाटते. बाटलीच्या दर्शनी भागावर ‘फुल्ली सिंथेटिक’, ‘प्रीमियम’, ‘४टी’ हे शब्द ठळक असतात. इंजिनाच्या दृष्टीने निर्णायक मजकूर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो. म्हणून येथे कंपन्यांची तुलना न करता बाटल्यांवरील खुणांची केली आहे.

आधी त्या आकड्याविषयी. एसएई या अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या प्रमाणानुसार दिलेला हा आकडा ऑइल किती पातळ वा घट्ट आहे एवढेच सांगतो. त्यावरून दर्जा कळत नाही. ‘डब्ल्यू’च्या आधीचा अंक थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा तापलेल्या इंजिनातल्या घट्टपणाचा. १०० अंश सेल्सिअसला ‘३०’च्या ऑइलची श्यानता, म्हणजे घट्टपणा, ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (हे घट्टपणाचे एकक), तर ‘५०’च्या ऑइलची १६.३ ते २१.९ सेंटीस्टोक असावी लागते. इंजिन सुरू होण्याविषयीची चाचणी ‘१०डब्ल्यू’साठी उणे २५ अंशांना आणि ‘२०डब्ल्यू’साठी उणे १५ अंशांना होते. निफाडचा पाराही तेथवर कधी उतरत नाही, त्यामुळे महाराष्ट्रातल्या वाहनधारकाने दुसऱ्या अंकाकडे अधिक लक्ष द्यावे. गाडी जुनी झाली की ‘जरा जाड ऑइल टाकू’ असे गॅरेजमध्ये सुचवले जाते. ऑइल खाणाऱ्या, झिजलेल्या इंजिनाला त्याने काही काळ आराम पडतो हे खरे. परंतु १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या धडधाकट इंजिनात २०डब्ल्यू-५० भरले, तर इंजिनाची काही ताकद ते ऑइल ढवळण्यातच खर्च होते, ॲव्हरेज घटते आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर वरच्या भागांपर्यंत ऑइल पोहोचायला उशीर लागतो. उलट, रॉयल एनफिल्डच्या आताच्या ३५० सीसी मोटरसायकलींसाठी कंपनीनेच १५डब्ल्यू-५० ठरवले आहे. तेथे पातळ ऑइल भरणे तितकेच चुकीचे ठरेल.

दुचाकीच्या बाबतीत खरा फरक पाडणारी खूण दुसरीच आहे. ती ‘जासो’ या जपानी मानकाची असून तिच्यापुढे एमए, एमए१, एमए२ किंवा एमबी यांपैकी एक अक्षरसमूह असतो. बहुतेक सर्व गिअरच्या मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिन्हींना एकच ऑइल पुरते आणि क्लचच्या प्लेटा त्या ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. प्लेटांनी एकमेकींना घट्ट धरून ठेवायचे, तर ऑइलने घर्षण एका मर्यादेखाली जाऊ देता कामा नये. एमए गटातली ऑइल ही अट पाळतात आणि त्यांतही एमए२ अधिक पकड देते. गिअरलेस स्कूटरमध्ये क्लच बेल्टच्या बाजूला, कोरडा असतो. इंजिनाच्या ऑइलचा त्याला स्पर्शही होत नाही, त्यामुळे तेथे घर्षण जितके कमी तितके इंधन वाचते. त्यासाठीच एमबी हा गट आहे.

या दोन बाटल्यांची अदलाबदल झाली तर नुकसान सारखे नसते, ही गोष्ट निर्णय घेणाऱ्याने नीट लक्षात घ्यावी. इतर खुणा जुळत असतील, तर स्कूटरमध्ये एमए२ ऑइल भरल्याने इंजिन बिघडत नाही. इंधनातली थोडीशी बचत तेवढी हुकते. मोटरसायकलमध्ये एमबी ऑइल भरले, तर मात्र क्लच घसरण्याची शक्यता असते: ॲक्सिलरेटर पिळल्यावर इंजिनाचा आवाज चढतो, पण गाडी त्या मानाने ओढत नाही. पुढे क्लच प्लेटा जळाल्या, तर त्यांच्या खर्चापुढे ऑइलच्या किमतीतला फरक अगदीच किरकोळ ठरतो. घरात एक मोटरसायकल आणि एक स्कूटर असेल आणि दोघींना एकाच प्रकारचे ऑइल घ्यायचा विचार असेल, तर तो दोघींसोबत कंपनीने दिलेल्या वापर-पुस्तिकांत एकच आकडा असल्यासच करावा आणि निवड एमए किंवा एमए२चीच करावी.

तिसरी बाटली मोटारीची. मोटारीचा क्लच कोरडा असतो, त्यामुळे तिच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने मोकळेपणाने वापरता येतात, आणि अशा बाटलीवर ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे शब्द असतात. मोटारीसाठी हा गुण आहे, मोटरसायकलसाठी तोच दोष. ‘मोटारीचे ऑइल म्हणजे वरच्या दर्जाचे, ते दुचाकीला अधिकच मानवेल’ हा समज मी अनेकदा ऐकला आहे. ज्या बाटलीवर जासोची खूणच नाही, ती ओल्या क्लचच्या मोटरसायकलसाठी घेऊ नये, मग ती कितीही महाग असो.

दर्जाची इयत्ता सांगणारी खूण एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची. पेट्रोल इंजिनांच्या श्रेणी ‘एस’ने सुरू होतात आणि दुसरे अक्षर वर्णमालेत जितके पुढचे तितकी श्रेणी नवी: एसएल २००१ची, एसएन २०१०ची, एसपी २०२०ची आणि एसक्यू २०२५ची. एसएफ ही श्रेणी १९८८ नंतर बनलेल्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना योग्य नाही, असे ही संस्थाच सांगते. तरीही स्वस्त डब्यावर ‘मल्टिग्रेड’ या मोठ्या शब्दाखाली अशी कालबाह्य श्रेणी छापलेली असू शकते, आणि ती न लपवता छापलेली असल्यामुळे ग्राहकाला त्यात काही वावगे दिसत नाही. मला हा प्रकार बनावट मालाइतकाच त्रासदायक वाटतो. मोटारीच्या पुस्तिकेत एसएन असेल आणि बाटलीवर एसपी असेल तर निःशंक घ्यावी. बाटलीवरची श्रेणी पुस्तिकेतल्या श्रेणीपेक्षा जुनी असेल तर घेऊ नये. टर्बो पेट्रोल इंजिनासाठी एसपी वा त्यापुढची श्रेणी विशेष महत्त्वाची, कारण कमी वेगावर जोर पडताना इंधन अवेळी पेटण्याचा धोका रोखण्याची चाचणी या श्रेणीत आहे.

येथे आणखी एक बारकावा आहे. बाटलीवर ‘एपीआय एसएन’ असे नुसते शब्दांत लिहिलेले असणे आणि संस्थेचे वर्तुळाकार बोधचिन्ह असणे यांत अंतर आहे. बोधचिन्हासाठी परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर शोधता येते. शब्दांतला उल्लेख हा उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. दावा खोटाच असतो असे नाही, परंतु बाकी सर्व सारखे असताना मी बोधचिन्ह असलेली बाटली निवडेन.

डिझेल इंजिनांच्या श्रेणी ‘सी’ने सुरू होतात. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या १५डब्ल्यू-४०च्या डब्यातले उरलेले ऑइल मोटरसायकलमध्ये ओतण्याचा मोह टाळावा. बीएस-६ डिझेल मोटारीची बाब याहून नाजूक आहे. तिच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते आणि ऑइल जळून उरणारी राख त्या गाळणीत साचत जाते. अशा मोटारीला जुने सीआय-४ ऑइल चालत नाही; पुस्तिकेत सांगितलेले कमी राखेचे, उदाहरणार्थ एसीईए या युरोपीय वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या सी३ श्रेणीचे, ऑइलच लागते.

‘मिनरल’, ‘सेमी सिंथेटिक’ आणि ‘फुल्ली सिंथेटिक’ यांतली निवड या सगळ्यानंतर येते. १९९९ मध्ये अमेरिकेत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यातल्या जाहिरातविषयक वादाचा निर्णय लागल्यापासून, खनिज तेलावरच हायड्रोजनची तीव्र प्रक्रिया करून मिळवलेल्या (एपीआयच्या मूळ तेलांच्या वर्गवारीतल्या) तिसऱ्या गटाच्या तेलालाही तेथे ‘सिंथेटिक’ म्हणता येऊ लागले आणि बाजाराची रूढीही तीच झाली. ‘सेमी’मध्ये सिंथेटिक तेल किती, हे बाटलीवरून सहसा कळत नाही. सिंथेटिक ऑइल उष्णतेत अधिक टिकते, हे निर्विवाद. रोज शहराच्या गर्दीत तापणाऱ्या किंवा घाटातून लांब पल्ला मारणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग होतो. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या मोटरसायकलला योग्य आकड्याचे आणि एमए२ खुणेचे मिनरल ऑइल वेळेवर बदलत राहणे, हे महागडे सिंथेटिक घालून ठरलेल्या किलोमीटरच्या पलीकडे ताणण्यापेक्षा केव्हाही चांगले.

किंमत ताडताना ८०० मिली, ९०० मिली आणि एक लिटर अशी मापे शेजारीशेजारी असतात, म्हणून छापील प्रति मिली किंवा प्रति लिटर दर पाहावा. उत्पादकाचे नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि ग्राहक सेवेचा तपशील वेष्टनावर असणे बंधनकारक आहे. यांपैकी काही नसेल किंवा झाकणाखालचे सील उचकटलेले दिसले तर बाटली परत करावी. बिल घ्यावे, कारण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना तेच लागते. पुस्तिका हरवली असेल, तर बऱ्याच गाड्यांच्या ऑइल भरण्याच्या झाकणावर आकडा कोरलेला असतो, आणि पूर्ण पुस्तिका बहुतेक कंपन्यांच्या संकेतस्थळावर मिळते.