रालामंडल, पितृ पर्वत की घरामागचा बगीचा?

नाना गेले तेव्हा त्यांच्या आठवणीचं झाड कुठे लावावं म्हणून आम्हाला आधी सुचलं ते इंदूरजवळचं रालामंडल. दर रविवारी ते टेकडी चढायचे आणि वर होळकरांच्या शिकारगाहेजवळ बूट काढून बसायचे. तिथेच त्यांच्या नावाचं झाड असावं, खाली छोटी पाटी, असं आईच्या मनात होतं.

तुमच्याही मनात असं काही असेल तर आधीच सांगते, तिथे ते होणार नाही. रालामंडल १९८९पासून अभयारण्य आहे. चबुतरा, पाटी, बाक यांतलं काहीही आपल्या मनाने बसवता येत नाही. आणि ते योग्यच आहे असं मला वाटतं. एप्रिलमध्ये तिथलं गवत वाळून कोळ झालेलं असतं. आठवणीने लावलेली एक पणती कलंडली तरी टेकडी पेटेल. हारातला प्लास्टिकचा दोरा चितळाच्या पोटात जातो. ज्या जंगलावर नानांचा जीव होता, त्यालाच त्यांच्या नावाने त्रास कशाला?

पितृ पर्वत मुळी पूर्वजांच्या नावाने झाडं लावण्यासाठीच आहे. गोमटगिरीच्या वाटेवरची ही देवधरम टेकरी. वयस्कर माणसांना सोबत नेणं सोपं, आणि नाव घेऊन झाड लावता येतं. पण हनुमानाच्या भव्य मूर्तीमुळे गर्दी असते. तुमच्या माणसाला शांतता प्रिय असेल तर एकदा सकाळी जाऊन बघून या, मग ठरवा.

मोठ्या मोहिमांमधलं रोप मी या कामासाठी धरणार नाही. १४ जुलै २०२४ला इंदूरच्याच रेवती रेंजवर एका दिवसात अकरा लाखांहून जास्त रोपं लागली. काम मोठंच, पण त्यांत आपलं रोप पुढच्या वर्षी कसं ओळखणार?

आम्ही शेवटी घरामागच्या, कॉलनीच्या बगीच्यात झाड लावलं. पहिलं रोप दुसऱ्या मे महिन्यात वाळलं. आम्ही पंधरा दिवस गावी होतो, पाणी कुणी घातलं नाही. आई तेव्हा पुन्हा तेराव्यासारखी गप्प झाली होती. म्हणून जागेपेक्षाही आधी हे ठरवा, की दोन उन्हाळे पाणी कोण घालणार. रोप कमरेएवढं घ्या, चांगला पाऊस पडून गेल्यावर लावा. गुलमोहर नको, माळव्याचंच झाड घ्या: बेहडा, पळस, कडुनिंब. आमचा बेहडा आता ट्री-गार्डच्या वर आलाय.

रालामंडलला आम्ही नानांच्या तिथीला जातो. वर चढतो, बूट काढून बसतो, रिकाम्या हाताने उतरतो.