नऊ महिने आरओ-डीआय वापरल्यानंतर: मीटरवर शून्य, तरी वाळू तपकिरी

आरओ-डीआय म्हणजे प्रवाळांच्या टाकीसाठी पाणी जवळजवळ क्षारमुक्त करणारं यंत्र. युनिट चार टप्प्यांचं आहे: गाळ धरणारा ५ मायक्रॉनचा स्पन फिल्टर, कार्बन ब्लॉक, क्षार अडवणारी ७५ जीपीडीची (दिवसाला ७५ गॅलनची) मेम्ब्रेन आणि शेवटी उरलेले क्षार धरणाऱ्या, रंग बदलणाऱ्या डीआय रेझिनचं उभं हाउसिंग. सोबत दाब वाढवणारा बूस्टर पंप. रीफ टाकी (खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांची) संपसकट, म्हणजे खालच्या जोडटाकीसकट, १८० लिटरची; आत झोआंथिड, मशरूम, एक टोडस्टूल लेदर आणि थोडं ग्रीन स्टार पॉलिप, असे मऊ प्रवाळ. जागा गोव्यातलं फोंडा, नळाला ओपा जलप्रकल्पाचं पाणी, परसात विहीर. जानेवारी ते सप्टेंबर, म्हणजे मे महिन्याचा उकाडा आणि अख्खा पावसाळा धरून हा अनुभव आहे. युनिट घ्यावं, पण त्याला जोडलेल्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या) विसंबू नये. पुढचं बरंचसं लिखाण त्याबद्दलच आहे.

आधी बूस्टर पंपाचं, कारण दुकानात तो ऐच्छिक म्हणून सांगतात. एकमजली घराच्या छतावरच्या टाकीतून खाली ४-५ पीएसआय दाब मिळतो. मेम्ब्रेनवर छापलेले ७५ जीपीडी, म्हणजे तासाला जेमतेम १२ लिटर, हे ५० पीएसआय आणि २५ अंशांना मोजलेले असतात. पंपाशिवाय थेंब थेंब पाणी येतं, आणि दाब कमी असला की मेम्ब्रेन क्षारही नीट अडवत नाही. पंप लावून ७० पीएसआयवर नळाचं ६४ पीपीएमचं (लिटरला ६४ मिलिग्रॅम क्षारांचं) पाणी मेम्ब्रेननंतर २ वर येतं. सुमारे ९७ टक्के क्षार अडले, म्हणजे मेम्ब्रेन ठणठणीत. हा आकडा ९० च्या खाली गेला की मेम्ब्रेन बदलायची. १ लिटर चांगल्या पाण्यामागे ४ लिटर वाया जातं. ते नारळाच्या आळ्यात सोडावं, मूळ पाणीच मऊ असल्यामुळे झाडांना काही होत नाही.

स्वयंपाकघरातला आरओ आहेच, मग हा वेगळा कशाला, असं पुष्कळजण विचारतात. त्या पिण्याच्या मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो, म्हणजे चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी मुद्दाम मागच्या दाराने मिसळलेलं असतं. काहींत वरून मिनरल कार्ट्रिजही असते. ते पाणी माणसाला ठीक, प्रवाळाला नाही.

आता मुख्य दुखणं. विहिरीचं पाणी मीटरवर नळापेक्षा चांगलं दिसतं, ४० च्या आसपास. त्यावर चालवलं तर रेझिन स्वस्तात पडेल असा हिशोब कोणीही करील. प्रत्यक्षात उलटं झालं. १ लिटर रेझिन नळाच्या पाण्यावर तीन महिने टिकलं, विहिरीच्या पाण्यावर पाच आठवड्यांत रंग बदलून मोकळं. कारण जांभ्याच्या जमिनीतलं विहिरीचं पाणी आम्लधर्मी असतं आणि त्यात कार्बन डायऑक्साइड भरपूर विरघळलेला असतो. हा वायू आरओ मेम्ब्रेनमधून सरळ पार होतो. टीडीएस मीटर विद्युतवाहकता मोजतो, त्यामुळे हा वायू त्याला जवळपास दिसतच नाही. पुढे रेझिनमधला ॲनायन (ऋणभारित आयन धरणारा) भाग तो पकडत बसतो आणि त्यातच संपून जातो.

तपासायची रीत सोपी आहे. विहिरीचं ताजं पाणी काढून लगेच पीएच मोजा. तेच पाणी बादलीत एअरस्टोन लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. इथे ५.९ चं ७.१ झालं. एवढी उडी दिसली की वायू आहे हे नक्की. उपायही हाच: ६० लिटरच्या ड्रममध्ये पाणी भरून, साध्या एअर पंपाने रात्रभर बुडबुडे सोडून मग ते युनिटला द्यायचं. यानंतर तेच रेझिन अडीच महिन्यांच्या पुढे गेलं. दीडशे वॉटचा पंप नको, माशांच्या टाकीला लावतात तो चार-पाच वॉटचा पुरतो.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट सिलिकेटची. सिलिका पाण्यात जवळजवळ विद्युतभार नसलेल्या रूपात असते, म्हणून मीटरला तीही दिसत नाही. मेम्ब्रेन बहुतांश सिलिका अडवते, उरलेली रेझिन धरतं, पण रेझिनची तिच्यावरची पकड ढिली. रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी सिलिकाच सुटते. मीटरवर ००० आणि वाळूवर सिलिकेटवर वाढणाऱ्या डायटम या सूक्ष्म शैवालाची तपकिरी धूळ, हा प्रकार त्यातूनच. म्हणून मीटरवर १ किंवा २ दिसेपर्यंत थांबू नये. रंग तीन-चतुर्थांश बदलला की रेझिन बदलावं. एकामागे एक दोन हाउसिंग लावता आली तर उत्तम: पहिलं संपलं की दुसरं पुढे घ्यायचं, नवं मागे. जुनं, उन्हात तापलेलं रेझिन माशासारखा वास मारतं. गोव्याच्या स्वयंपाकघरात हा इशारा कोणाच्या लक्षात यायचा, हा भाग वेगळा.

युनिट सुरू केल्यावर पहिली दोन-तीन मिनिटं मेम्ब्रेननंतरचं पाणी २ ऐवजी १५-२० दाखवतं, कारण बंद असताना क्षार हळूहळू पलीकडे झिरपलेले असतात. ते पाणी डीआयला न देता सोडून द्या. रोज पाच लिटर काढणाऱ्याचं रेझिन यातच जातं. आठवड्यातून एकदा ४० लिटर काढावं.

वाळूवर तपकिरी दिसलं म्हणजे डायटमच असं नाही, आणि औषध चुकलं तर महिना वाया जातो. डायटम धुळीसारखे असतात, बोट फिरवलं की उडतात. सायनो (सायनोबॅक्टेरिया) लालसर-जांभळ्या चादरीसारखा, टोक धरून सोलता येतो. डायनोफ्लॅजेलेट (थोडक्यात डायनो, हेही सूक्ष्मजीव) शेंबडासारखे ताणले जातात, टोकाला बुडबुडे धरतात, रात्री कमी होतात आणि दुपारी पुन्हा हजर. शंका असेल तर थोडं ओरपून बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफीच्या कागदी फिल्टरमधून गाळा आणि ते गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. पुन्हा गोळा होऊन धागे झाले तर डायनो. डायटम असतील तर आधी पाण्याचा स्रोत सुधारा. डायनो असतील तर बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर गेलेले असतात. तिथे आणखी ‘स्वच्छता’ करणं म्हणजे आगीत तेल. फॉस्फेट रिमूव्हर काढा, नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएमपर्यंत येऊ द्या. फॉस्फेटसाठी हॅना कंपनीचा फॉस्फरस चेकर वापरत असाल तर आलेला आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागायचा: २० आलं म्हणजे ०.०६ पीपीएम. हे न करता २० म्हणजे आभाळ कोसळलं असं समजून घाबरणारे बरेच आहेत.

खारटपणा ३५ पीपीटी, म्हणजे हजारात ३५ भाग. तो मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आरओच्या पाण्याने शून्यावर आणला तरी ३५ ला बरोबर असेलच असं नाही. ताडून पाहायला ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम डीआय पाण्यात विरघळवा. त्याचं वाचन ३५ यायला हवं. नसेल तर स्क्रू फिरवा. वजनकाटा ग्रॅमचा दशांश दाखवणारा असावा. पावसाळ्यात सॉल्ट मिक्सची बादली ओलावा खेचते, मीठ ढेकळं धरतं आणि वजनात पाणीही मोजलं जातं, त्यामुळे ‘लिटरला ३८ ग्रॅम’ हा हिशोब जुलैत खोटा पडतो. नवी बादली उघडल्याबरोबर १-१ किलोच्या झिप पिशव्या करून ठेवाव्यात.

मिरामार किंवा दोनापावलाहून समुद्राचं पाणी आणण्याचा मोह पावसाळ्यात तरी नको. मांडवी आणि जुवारी दोन्हींचं गोडं, गढूळ पाणी तिथेच येऊन पडतं.

पावसाळ्यातली खरी मेख टॉप-अपमध्ये, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी घालायच्या पाण्यात, निघाली. मार्चमध्ये टाकीतून रोज ३ लिटर पाणी उडतं, जुलैत सव्वा लिटरही नाही. टॉप-अपच्या पाण्यात चुन्याची निवळी (इथे लिटरला पाव ग्रॅम शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड) देत असाल, तर उन्हाळ्यात अल्कलिनिटीत (प्रवाळांना लागणाऱ्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) रोज ०.३ डीकेएचची भर पडते आणि पावसाळ्यात ०.१३ सुद्धा नाही. कोणी काही बदललेलं नसतं, आणि दहा-बारा दिवसांत अल्कलिनिटी ८.४ वरून ६.९. झोआंथिड अर्धे मिटलेले, मशरूम आक्रसलेले. अशा वेळी लोक दिवे, प्रवाह, खाणं सगळं बदलून पाहतात. टेस्ट किट काढून अल्कलिनिटी मोजणं दोन मिनिटांचं काम.

भरून काढायला खाण्याचा सोडा पुरतो. १०० लिटरला ३ ग्रॅम म्हणजे १ डीकेएच. १८० लिटरला दीड डीकेएच वाढवायला ८ ग्रॅम लागले; ते दोन दिवसांत विभागून, अर्धा लिटर डीआय पाण्यात पूर्ण विरघळवून, संपमध्ये हळूहळू. बेकिंग पावडर नव्हे, त्यात आम्ल आणि स्टार्च असतो. त्यानंतर पावसाळाभर रोज १ ग्रॅम सोडा. मऊ प्रवाळांच्या टाकीत १ डीकेएचमागे कॅल्शियम जेमतेम ७ पीपीएम घटतं, ते पाणीबदलीत निघून येतं. कॅल्शियम ४२० आणि मॅग्नेशियम १३०० असताना मात्र अल्कलिनिटी टिकतच नसेल, तर हीटर आणि पंपावर पांढरा थर बसतोय का पाहा.

टॉप-अपचं भांडं १० लिटरचंच ठेवलं आहे. पाण्याची पातळी राखणाऱ्या फ्लोटखाली गोगलगाय अडकली आणि सगळं भांडं टाकीत रिकामं झालं तरी खारटपणा ३५ चा ३३.२ होतो, प्रवाळ रुसतील, मरणार नाहीत. ५० लिटरचा ड्रम थेट जोडणं म्हणजे गोगलगायीच्या हाती किल्ल्या देणं.

तापमानाचं थोडक्यात: पाण्यावर फुंकणारे दोन पंखे मार्चमध्ये अडीच अंश उतरवतात, जूनमध्ये हवाच दमट असल्याने एकच. २९ च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर रंग उडायला लागतो. चिलर घ्यायचा तर एप्रिलच्या आत, आणि त्याची गरम हवा खोलीबाहेर काढता येईल अशा जागी. वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर फक्त डीसी वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) ठेवावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात.

टोडस्टूल लेदर आठवडाभर मिटून, अंगावर मेणासारखा चकचकीत थर आला तर पाण्याला दोष देऊ नका. तो कात टाकतो. प्रवाह थोडा वाढवा, कार्बन बदला, थर आपोआप सुटतो. सगळे झोआंथिड उघडे आणि एकच वसाहत मिटलेली असेल तरीही पाणी तपासण्याआधी रात्री टॉर्च घेऊन तिथे बारीक न्यूडिब्रँक (झोआंथिड खाणाऱ्या बिनकवचाच्या समुद्री गोगलगायी) आहेत का पाहा. झोआंथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच. तो दगड उकळू नका, ब्रशने घासू नका. त्यांच्यातलं पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेतून आणि तुषारांतून माणसाला गाठतं.

एक घरगुती विष मात्र कुठल्याच किटमध्ये दिसत नाही: डासांचं लिक्विड आणि फॉगिंगचा धूर. त्यातले पायरेथ्रॉइड कोळंबी आणि मासे दोघांनाही मारतात, आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) व एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतात. फॉगिंगची गाडी वाड्यावर आली की खिडक्या लावून एअर पंप तासभर बंद, वेव्हमेकर चालू. चवथीच्या दिवसांत धूप-अगरबत्ती टाकीपासून लांब.

नवख्यांसाठी कायद्याचंही सांगून ठेवतो. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रँड आयलंडला डुबकी मारून आणलेला तुकडा, मेलेला असला तरी, गुन्हाच. टाकीत दगड मानवनिर्मित कोरडा घ्यावा.

युनिटच्या तक्रारी तीन. ऑटो शट-ऑफ व्हॉल्व्ह चौथ्या महिन्यात नीट बंद होईना: भांडं भरलं, पण ड्रेनमधून (वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीतून) रात्रभर पाणी जात राहिलं. व्हॉल्व्ह बदलून घेतला, तरी आता झोपण्यापूर्वी मुख्य कॉक हातानेच बंद होतो. पहिल्या हाउसिंगची ओ-रिंग कोरडी आली होती, फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवल्यावर गळती थांबली. आणि स्पनच्या पाकिटावर सहा महिने लिहिलंय ते इथे विसरावं. जूनमध्ये पांढरा घातलेला स्पन जुलैच्या पहिल्या आठवड्यात जांभ्याच्या चिऱ्यासारखा लाल निघाला, आणि प्रेशर गेज ७० वरून ४५ वर. पावसाळ्यात तो दर तीन-चार आठवड्यांनी बदलावा लागतो. कार्बन ब्लॉक सहा महिन्यांनी बदला. तो दमला की ब्लीचिंग पावडरचं क्लोरीन मेम्ब्रेनपर्यंत पोचतं, आणि जळलेली मेम्ब्रेन परत येत नाही. पूल चाचणीच्या क्लोरीन पट्ट्या ड्रेनच्या पाण्यात बुडवून महिन्यातून एकदा पाहिलं की कळतं. पट्टी रंगली तर त्याच दिवशी युनिट बंद.