इंजिन बदललं आणि सेल्फ मुका: पिवळा मीटर, बल्ब की ब्लूटूथ स्कॅनर?

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या पार्टच्या बाजारातून आणलेलं इंजिन बसलं, माउंटिंगचे बोल्ट आवळले, कूलंट भरलं, बॅटरी जोडली, चावी फिरवली. डॅशबोर्डचे दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ मात्र ढिम्म. या एकाच दुखण्यासाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळणारी तीन हत्यारं इथे तोलली आहेत: डीटी-८३०डी नावाचा पिवळा मल्टीमीटर, २१ वॅटचा बल्ब लावून घरी बनवलेला टेस्टर आणि ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या खाचेत, खोचायचा ब्लूटूथ स्कॅनर. निकाल आधीच सांगतो. या कामात बल्ब आणि मीटर मिळून दहापैकी नऊ गुण घेतात, स्कॅनरला तीन. विकताना मात्र सगळ्यात जास्त जोर स्कॅनरवर असतो.

कारण सरळ आहे. स्कॅनर इसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, जेवढं कळतं तेवढंच सांगतो. इंजिन उतरवताना-चढवताना जे बिघडतं, म्हणजे जाड केबल, अर्थची (इंजिनाला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडणारी) पट्टी, सोलेनॉइडची (स्टार्टर मोटरवरच्या विजेच्या खटक्याची) पातळ वायर, ते बहुतेक गाड्यांत इसीयूला दिसतच नाही.

मोजमापाआधी कान लावा. ‘गाडी स्टार्ट होत नाही’ या वाक्यात दोन वेगळे आजार दडलेले असतात. इंजिन फिरतंय पण पकडत नाही, तर पेट्रोल, ठिणगी, क्रँक सेन्सर बघायचे. तो इथला विषय नाही. इंजिन फिरतच नसेल तर आवाज तीन प्रकारचा असतो. टकटकटकटक अशी घाई म्हणजे बॅटरी बसलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच जड ‘टक’ म्हणजे सोलेनॉइड ओढतोय, पण मोटरला करंट पुरत नाही किंवा इंजिन अडकलंय. पूर्ण शांतता म्हणजे सोलेनॉइडपर्यंत हुकूमच पोचत नाही, किंवा इंजिनाला अर्थ नाही.

आता मीटर. तीनशे रुपयांच्या आत मिळतो, नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर चालतो आणि मध्ये मोठी गोल चकती असते. या कामासाठी चकती डीसी २० व्होल्टवर ठेवायची आणि तिथून हलवायची नाही. पहिलं माप बॅटरीचं, आणि तेही टर्मिनलच्या क्लँपवर नव्हे, बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ च्या खाली असेल तर पुढे जाऊच नका, आधी चार्ज करा. इंजिनाच्या कामात गाडी दोन-तीन आठवडे उघडी पडलेली असते, त्यामुळे बॅटरी उतरलेली असणं हा दोष नव्हे, नेम आहे.

मग कुणालातरी चावी फिरवायला सांगून तोच आकडा पाहायचा. इथे हा स्वस्त मीटर खरी किंमत वसूल करतो. आकडा १२.५ वरून हललाच नाही, तर करंट वाहतच नाही: वाट कुठेतरी तुटलेली आहे. आकडा नऊच्या खाली कोसळला, तर वाट ठीक आहे, पण बॅटरी कमजोर आहे किंवा इंजिन जाम. निरोगी गाडीत सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या वर राहायला हवा.

शांतता असो की एक ‘टक’, पुढचं माप अर्थचं. लाल प्रोब (मीटरच्या वायरीचं टोक) इंजिनाच्या उघड्या धातूवर, काळा बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, आणि सेल्फ मारायचा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थची जोडणी घाण आहे. दहा-बारा व्होल्ट दिसले तर इंजिनाला अर्थ नाहीच. हे एक माप ज्याला जमलं, त्याचे निम्मे पैसे वाचले, कारण इंजिन बदलल्यावरच्या मुक्या सेल्फमागे सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो इथे.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. बॉडीशी त्याचा विजेचा संबंध फक्त एक-दोन पट्ट्यांतून येतो, आणि इंजिन काढताना त्या पट्ट्या सोडाव्याच लागतात. परत लावताना गिअरबॉक्सच्या बाजूची पट्टी लोंबकळत राहते, तिचा बोल्ट दुसरीकडे वापरला जातो, किंवा पट्टी नव्या चंदेरी रंगावर आवळली जाते. जुनं इंजिन देखणं दिसावं म्हणून मारलेला तो रंग वीज अडवतो. स्टार्टर मोटरला वेगळी निगेटिव्ह वायर सहसा नसते. तिचं अंगच अर्थ असतं. म्हणून स्टार्टरच्या बसायच्या जागेवरचा रंग, गंज आणि तेलाची पुटंही तेच करतात.

पट्टी राहून गेली आणि कुणी पुन्हापुन्हा चावी फिरवली, तर करंट दुसरी वाट शोधतो: क्लचची, अ‍ॅक्सिलरेटरची किंवा गिअरची केबल. केबलच्या आवरणातून धूर निघाला, तर दोष तिचा नसतो. चावी लगेच सोडा. खात्रीचा उपाय जंपर केबलचा. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ मारा. फिरला, तर निदान संपलं. पट्टीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून व्हॅसलिनचा थर द्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत हा थर टाळला तर दोन पावसाळ्यांत तीच तक्रार परत येते. पट्टीच कुजली असेल तर २५ चौरस मिलिमीटरची वेल्डिंग केबल आणि दोन टोकांना नीट दाबलेले तांब्याचे थिंबल (बोल्टसाठी भोक असलेली टोपणं) पुरतात.

पॉझिटिव्ह बाजूही तशीच तपासायची. लाल प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, काळा स्टार्टरच्या जाड बोल्टवर, म्हणजे ३० नंबरच्या टर्मिनलवर. सेल्फ मारताना अर्धा व्होल्टच्या आत असलं पाहिजे. ही मापं फक्त सेल्फ मारतानाच खरी असतात. चावी न फिरवता मिळालेल्या शून्याला काही किंमत नाही.

बरेच जण इथे चकती ओहमवर नेतात आणि ‘केबल ओके’ म्हणून मोकळे होतात. हिशोब करून बघा. जोडणीत ०.०१ ओहमचा अडथळा असेल आणि सेल्फला १५० अँपिअर लागत असतील, तर दीड व्होल्ट तिथेच गेला. या मीटरची सगळ्यात बारीक पायरी ०.१ ओहम, आणि त्याच्या स्वतःच्या वायरींतच त्याहून जास्त अडथळा. म्हणजे जाड केबलसाठी ओहमचं माप आंधळं आहे.

मीटरच्या कुरबुरीही आहेत. आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो आणि कमाल-किमान धरून ठेवायची सोय नाही, म्हणून सेल्फ तीन-चार सेकंद धरावा लागतो. एका वेळी दहा सेकंदांच्या वर कधीच नाही, आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती. आतली बॅटरी उतरली की मीटर जास्त व्होल्ट दाखवू लागतो, हे तर फार फसवं. प्रोबची वायर प्लगपाशी आतून तुटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १० अँपिअरच्या भोकात लाल वायर खोचून बॅटरीला लावू नका. या मीटरांत त्या वाटेला फ्यूज नसतो, सरळ शॉर्ट होतो. सेल्फचा करंट मोजायचाच असेल तर डीसी मोजणारा क्लँप मीटर लागतो. दुकानात ‘क्लँप’ म्हणून जे स्वस्त देतात ते बहुतेक फक्त एसी मोजतात. लोकप्रिय यूटी-२१०ई डीसी मोजतो, पण त्याची मर्यादा १०० अँपिअर. सेल्फ ती सहज ओलांडतो.

आता या सगळ्यातलं सगळ्यात गरीब आणि सगळ्यात प्रामाणिक हत्यार. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याचा होल्डर, दीड चौरस मिलिमीटरची दोन मीटर वायर, एका टोकाला मगर क्लिप, दुसऱ्याला टोकदार प्रोब. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि त्याचं मोल तिथेच आहे. आतून कुजून एकच तार शिल्लक राहिलेल्या वायरवर मीटर खुशाल १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही. बल्ब तिथे मिणमिणतो. सोलेनॉइडला तर त्याहून कितीतरी जास्त करंट लागतो.

वापरायचा असा. मगर क्लिप थेट बॅटरीच्या निगेटिव्हला, बॉडीला नाही, कारण बॉडीचा अर्थच संशयित आहे. प्रोब स्टार्टरच्या पातळ वायरवर, म्हणजे ५० नंबरच्या टर्मिनलवर. चावी फिरवा. बल्ब लख्ख पेटला आणि आधीची केबलची मापं बरोबर होती, तर स्टार्टर खाली उतरवा. दोष त्यातच. बल्ब पेटलाच नाही, तर वर चढत जा. पहिलं बघायचं ते हे, की ती पातळ वायर जागेवर आहे का. आडव्या इंजिनाच्या बऱ्याच गाड्यांत स्टार्टर मागच्या बाजूला, इनटेकच्या (हवा आत नेणाऱ्या नळ्यांच्या) खाली लपलेला असतो. तिथला चपटा कपलर (वायरचा प्लग) लावायचा राहतो, अर्धा बसतो, किंवा वायर इंजिन आणि बेल हाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या, मध्ये चेपली जाते. चेपलेली असेल तर फ्यूजही उडलेला सापडेल.

मग रिले, म्हणजे चावीच्या हुकुमावर स्टार्टरची वाट जोडणारा फ्यूज बॉक्समधला खटका. शेजारच्या हॉर्नच्या रिलेवर तोच नंबर असेल तर अदलाबदल करून बघणं हे सगळ्यात जलद. नसेल तर रिले काढून त्याच्या जागेत बल्ब टेकवा. ३० च्या पिनवर कायम उजेड हवा, आणि चावी फिरवल्यावर ८५-८६ पैकी एकीवर. हुकूम येत नसेल तर मॅन्युअल गाडीत क्लच स्विच, ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सवरचा इन्हिबिटर स्विच, जो ‘पी’ (पार्क) आणि ‘एन’ (न्यूट्रल) सोडून सेल्फ लागू देत नाही. ‘पी’मध्ये नाही तर ‘एन’मध्ये लागतो का ते बघा. लागला, तर सिलेक्टर केबल बसवताना सरकली आहे. एएमटीत (आपोआप गिअर बदलणाऱ्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाडीत) ब्रेक दाबलेला आणि गिअर न्यूट्रलला असल्याशिवाय काही होत नाही, आणि ब्रेक स्विचचा कपलर पायाच्या धक्क्यानेही निघतो.

बल्बची एक बंदी आहे. इसीयू, सेन्सर आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना तो लावायचा नाही. तिथे मीटरच, आणि एअरबॅगला तोही नाही.

स्कॅनरकडे वळू. ईएलएम-३२७ च्या नक्कल चिपवरचा, फोनला जोडायचा. खोचल्या खोचल्या त्याचा लाल दिवा लागतो आणि माणूस खूश होतो. तो दिवा ओबीडीच्या १६ नंबरच्या पिनवर थेट बॅटरीतून येतो, इसीयू मेलेला असला तरी. दिवा लागतो पण अ‍ॅप गाडीशी जोडलंच जात नाही, हीच या कामात स्कॅनरची सगळ्यात उपयोगी खबर. तेव्हा इसीयूचा मुख्य रिले आणि त्याचा अर्थ पाहायचा. काही गाड्यांत इसीयूच्या अर्थच्या कड्या इंजिनावर, इनटेकजवळ बोल्टने लावलेल्या असतात आणि इंजिन बदलताना सुटून राहतात. चावी ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागतच नसेल, तर स्कॅनर न लावताही हेच कळतं.

अ‍ॅप जोडलं गेलं तर पी-०६१५ म्हणजे स्टार्टर रिलेचं सर्किट, पी-०८५० म्हणजे पार्क-न्यूट्रल स्विच. असा कोड मिळाला तर वेळ वाचतो. इमोबिलायझरचे (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचे) बरेचसे कोड कंपनीचे स्वतःचे असतात, साध्या अ‍ॅपला ते वाचता येत नाहीत. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: गाडीचा स्वतःचा इसीयू ठेवून फक्त इंजिन बदललं, तर चावीचा प्रश्न उद्भवत नाही. इंजिनाबरोबर आलेला इसीयू लावला, तर तो तुमची चावी ओळखणार नाही. अनेक गाड्यांत सेल्फ तरीही फिरतो आणि गाडी पकडत नाही, काहींत सेल्फच अडवला जातो. इसीयू बदलू नका, एवढं गॅरेजला आधीच बजावलेलं बरं.

एका जागी तिन्ही हत्यारं हतबल आहेत: जाम झालेलं इंजिन. त्याला क्रँक पुलीच्या बोल्टच्या मापाचा सॉकेट आणि लांब दांडा लागतो. गाडी न्यूट्रलला, स्पार्क प्लग काढलेले, आणि इंजिन त्याच्या फिरण्याच्या दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. प्लगच्या भोकांतून पाणी उडालं, तर इंजिन दुकानाबाहेर पावसात पडून होतं असं समजा. प्लग लावून तसाच सेल्फ मारला असता तर कनेक्टिंग रॉड वाकला असता. ऑटोमॅटिकमध्ये बेल हाउसिंगचे बोल्ट आवळत आणल्यावर इंजिन फिरायचं थांबलं, तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा डबा) पूर्ण आत बसलेला नाही. बोल्ट ढिले करा, बोल्टच्या जोराने फट मिटवू नका, गिअरबॉक्सच्या तेलपंपाचा चुराडा होतो. खरं तर हा फेरा इंजिन गाडीत चढवण्याआधीच, विकणाऱ्याच्या दारात मारून घ्यायचा असतो.

खरेदीचं सांगायचं तर मीटरबरोबर मगर क्लिपवाली एक जादा वायरींची जोडी नक्की घ्या. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एकटं काम करताना एक हात चावीवर आणि दुसरा फोनच्या टॉर्चवर असतो, प्रोब धरायला तिसरा नसतो. घेण्याआधी दुकानातच चकती २०० ओहमवर लावून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा आणि वायर हलवा. आकडा नाचला तर दुसरी मागा. लॅमिंग्टन रोडला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.