राखाडी रंगाखाली निळा रंग निघाला (ब्लोअर घेताना मी कसा गंडलो)

हे लिहायला उशीरच झालाय, मधले तीनचार महिने नुसती चिडचिड होत होती आणि खरं सांगायचं तर स्वतःचीच लाज वाटत होती, पंधरा वर्षं मशिनरीत काढलेला माणूस असा कसा गंडतो म्हणून. पण गेल्या आठवड्यात ज्याने मला हा ब्लोअर विकला त्याच माणसाचं कोटेशन ओळखीच्या एकाने मला पाठवलं, "स्वस्त वाटतंय, घेऊ का?" तेव्हा म्हटलं आता बसून लिहायलाच पाहिजे. नाव देत नाही, वकिलांनी नको सांगितलंय. पद्धत कळली तरी पुरे.

आमची कराडच्या बाजूला छोटी डेअरी आहे, मी आणि चुलतभाऊ मिळून चालवतो. डेअरी म्हटलं की ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) आलाच, टाक्या धुतलेलं पाणी, पनीरची निवळी, सगळं तिकडेच जातं. एरेशन टँकमध्ये हवा सोडायला ट्विन लोब ब्लोअर असतो, आपण रूट्स ब्लोअर म्हणतो तो, आणि तो दिवसरात्र चालावा लागतो कारण बंद पडला की दुसऱ्या दिवशी असा आंबूस कुजका वास सुटतो की खालच्या वस्तीतली माणसं गेटवर येऊन उभी राहतात, प्रदूषण मंडळाची धास्ती वेगळीच. आमचे दोन ब्लोअर आलटून पालटून चालायचे, त्यातला एक पार गेला म्हणून नवीन बघायला लागलो. २५० घनमीटर ताशी, ०.५ किलो प्रेशर, १० एचपी मोटर. नावाजलेल्या दोन ठिकाणाहून कोटेशन आलं दोन लाखाच्या आसपास. आणि ऑनलाईन चौकशी टाकल्यावर अर्ध्या तासात ह्याचा फोन, १ लाख ४० हजार अधिक १८ टक्के जीएसटी, चार दिवसात पोच, कमिशनिंग (बसवून चालू करून देणं) फुकट. लेटरहेडवर ठळक अक्षरात "मॅन्युफॅक्चरर". सत्तर टक्के आगाऊ, बाकीचे चालू करून दिल्यावर. सगळे मिळून १ लाख ६५ हजार २०० होत होते, त्यातले १ लाख १५ हजार ६४० मी दुसऱ्याच दिवशी पाठवले. चार दिवसात नवीन ब्लोअर कोणाकडे तयार असतो हा प्रश्न मला पडला नाही, पडायला हवा होता.

टेम्पोतून उतरवला तेव्हा चकाचक दिसत होता. राखाडी रंग, नवी कोरी नेमप्लेट, लाल पट्टे. आमचे ईटीपी ऑपरेटर तात्या, साठीला आलेत, साखर कारखान्यात आयुष्य गेलं त्यांचं, ते दोन फेऱ्या मारून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "दादा, ह्यो नवा न्हाय. बोल्टाची डोकी बघा की, पान्यानं खाल्ल्याली हायती. आन रंग कुठं मारलाय तर ऑइलच्या काचंवर बी." मी म्हटलं तात्या, टेस्टिंगला खोललं असेल कंपनीत. तात्या गप्प बसले. ह्या एका वाक्यासाठी मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

दोन दिवसांनी त्यांचा "इंजिनिअर" आला, पंचविशीतला पोरगा, एक पाना आणि एक मोबाईल एवढंच घेऊन. फाउंडेशन आम्ही करून ठेवलं होतं. त्याने बेसफ्रेम ठेवली आणि चारी बोल्ट गच्च आवळले, लेव्हल नाही, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) नाही, कुठला पाय अधांतरी आहे का बघणं नाही. आता रूट्स ब्लोअरमध्ये दोन लोब (फिरणारे रोटर) एकमेकांना आणि केसिंगला (बाहेरच्या कवचाला) न शिवता फिरत असतात, मधली फट मिलिमीटरच्या काही दशांशाएवढी, टायमिंग गिअर ती राखतात. फ्रेम पिळली तर ती फट एका बाजूला मिटते आणि लोब घासायला लागतो. म्हणून एक पाय जरी तरंगत असला तरी तिथे शिम (पातळ पत्रा) घालूनच बोल्ट आवळायचा. हे मला माहीत होतं, पण "कंपनीचा माणूस आहे" म्हणून मी चहा सांगायला गेलो.

बेल्टगार्ड (बेल्टवरचं संरक्षक झाकण) आलाच नव्हता. "मागून येतोय सर."

मग ट्रायल. ही खरी हातचलाखी, म्हणून नीट सांगतो. त्याने डिस्चार्ज पाइप (हवा बाहेर सोडणारा) आमच्या हेडरला, म्हणजे टाकीकडे जाणाऱ्या मुख्य पाइपला, जोडलाच नाही, मोकळ्या हवेत चालू केला. "हात धरून बघा सर, काय हवा आहे!" हवा जोरात होतीच. टाँग टेस्टर (करंट मोजायचा) लावला, ६ अँपिअर. मोटरला १४ पर्यंत चालते, म्हणजे एकदम हलका चालतोय. नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढले. पण प्रेशर गेजचा काटा शून्यावर होता हे कोणी बघितलं? ब्लोअर स्वतः प्रेशर तयार करत नसतो, समोर जेवढा अडथळा तेवढं प्रेशर येतं. पाण्याची खोली दर मीटरला ०.१ किलो, आमच्या टाकीत साडेतीन मीटर पाणी म्हणजे ०.३५, वर पाइप आणि डिफ्युझरचा (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडतात ते) तोटा धरून ०.४५ च्या आसपास. मोकळ्या हवेत घासलेला, झिजलेला कुठलाही ब्लोअर छान चालतो, कारण झिजलेल्या फटीतून हवा मागे पळते ती प्रेशर आल्यावरच. लोडवर चालवल्याशिवाय ट्रायल झाली असं म्हणूच नये.

आणि त्या नारळाच्या गडबडीत एका कागदावर सही शिक्का घेतला, "ब्लोअर चालू करून दिला, काम समाधानकारक." तो कागद पुढे मला फार महाग पडला.

तो गेल्यावर आम्ही हेडरला जोडला. पहिल्याच दिवशी करंट १७ अँपिअर आणि अर्ध्या तासात ट्रिप, म्हणजे मोटर आपोआप बंद. फोन केला. "नवीन मशीन आहे सर, रनिंग इन व्हायला वेळ लागतो." दुसऱ्या दिवशी तोच पोरगा परत आला, पॅनल उघडला आणि ओव्हरलोड रिलेची (करंट जास्त झाला की मोटर बंद पाडतो तो) चकती फिरवून १४ वर ठेवली, "मोटर १४ ची आहे ना सर, रिले कमी ठेवलाय तुम्ही." आमचा इलेक्ट्रिशियन त्या दिवशी रजेवर. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये (मोटर टप्प्याने चालू करतो तो) रिले सहसा मोटरच्या फेजमध्ये बसतो, तिथून लाइनच्या ५८ टक्केच करंट जातो, म्हणजे १४ च्या मोटरला रिले ८ च्या आसपास हवा, आमचा बरोबर तिथेच होता. १४ वर ठेवला म्हणजे लाइनला २४ अँपिअर जाईपर्यंत तो काही बोलणार नाही. थोडक्यात रखवालदाराला झोपेची गोळी देऊन गेला. जाताजाता सेफ्टी व्हॉल्व्ह थोडा फुसफुसत होता त्याचाही नट तळापर्यंत आवळला, "हवा वाया जातेय."

पुढचे वीसएक दिवस मी रोज फोन करत होतो, आवाज येतोय, गरम होतोय, हवा कमी वाटतेय, आणि तो रोज गोड बोलत होता. "शेठ, तुम्ही काळजी करू नका, गुरुवारी माणूस पाठवतो." सगळं फोनवर. एक ईमेल नाही, एक व्हॉट्सअ‍ॅप नाही. डिस्चार्ज पाइपवर लेझर थर्मामीटर मारला तर ११८ डिग्री. ह्या प्रेशरला हवा आत येते त्यापेक्षा पन्नासएक डिग्री वाढणं ठीक, म्हणजे उन्हाळ्यात ९० च्या आसपास, पण ११८ म्हणजे आत तीच तीच हवा मागे फिरून परत दाबली जातेय. मला तेव्हाच बंद करायला हवा होता. पण दुसरा ब्लोअर पण आजारीच, आणि वासाची भीती.

सव्विसाव्या दिवशी सकाळी तात्यांनी एका बाजूचे डिफ्युझर साफ करायला त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, नेहमीसारखा. अर्धी वाट बंद, प्रेशर चढलं. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह उडून हवा बाहेर जायला हवी, त्यासाठीच तो असतो. तो आवळलेला. मोटर ट्रिप व्हायला हवी, तो रिले झोपलेला. इथे एक सांगतो कारण बऱ्याच जणांचा घोळ होतो, आपल्या बॉयलरचा किंवा भट्टीचा पंख्यासारखा सेंट्रिफ्युगल ब्लोअर डँपर बंद ठेवून सुरू करतात, त्याने मोटरवर लोड कमी येतो. रूट्सला तसं कधीच करायचं नाही, त्याची वाट बंद केली तर तो दाबतच जातो, काहीतरी फुटेपर्यंत. आमच्यात लोब तापून फुगले, केसिंगला भिडले, खाडकन आवाज आला आणि ब्लोअर जागच्या जागी जाम. मोटर फिरतेय, पुली अडकलेली, बेल्टचा धूर. तीन बेल्टपैकी एक तुटून तात्यांच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या भिंतीवर काळा ओरखडा उठला. बेल्टगार्ड अजून "मागून येत" होता. तात्या व्हॉल्व्ह उघडायला वाकलेले होते म्हणून वाचले. मी तो ओरखडा पुसू दिलेला नाही.

एमआयडीसीतल्या ओळखीच्या फिटरकडे नेऊन खोलला. कवरच्या कडेला पॉलिश पेपर मारला तर राखाडीच्या खाली निळा, निळ्याच्या खाली हिरवा. नेमप्लेट काढली, तिच्या खाली जुन्या प्लेटची दोन भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली. केसिंगवरचा कास्टिंगचा नंबर ग्राइंडरने घासलेला. लोबवर आडवे ओरखडे, बेअरिंगची जागा झिजलेली तिथे पातळ बुश ठोकलेला. आणि सगळ्यात हुशारीचं काम पुलीत होतं. ब्लोअरची पुली मुद्दाम लहान बसवलेली, प्लेटवर १४५० आरपीएम आणि प्रत्यक्षात हिशोब लावला तर १९०० च्या वर. म्हणजे झिजल्यामुळे जी हवा मागे पळते ती भरून काढायला स्पीड वाढवून दिला. करंट १७ का येत होता ते तेव्हा कळलं. टॅकोमीटरने स्पीड मोजणं दोन मिनिटांचं काम आहे हो, नसेल तर दोन पुल्यांचे व्यास मोजा आणि भागाकार करा, आम्ही केलं नाही.

आता पैशाचं. मी उरलेले ४९ हजार ५६० अडवले, तर उलट त्याचीच नोटीस. म्हणे मी उद्यम (सरकारची लघुउद्योग नोंदणी) रजिस्टर्ड आहे, एमएसएमई समाधानवर (लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशाच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) टाकतो, बँक रेटच्या तिप्पट व्याज लावतो. आणि सोबत तो माझ्या सहीचा "समाधानकारक" कागद. वकील म्हणाले माल मिळाल्यापासून १५ दिवसात लेखी तक्रार केली होती का? २००६ च्या एमएसएमई कायद्यात तसंच आहे, १५ दिवसात लेखी हरकत नसेल तर माल मिळाला त्या दिवशीच तुम्ही तो स्वीकारला असं धरतात. माझे सगळे फोन. वीस दिवस गुरुवार गुरुवार का करत होता ते तेव्हा डोक्यात शिरलं.

वाचवलं सीएने. त्याचं उद्यम सर्टिफिकेट मागवून घेतलं, त्यात काम लिहिलंय ट्रेडिंग. लेटरहेडवर मॅन्युफॅक्चरर आणि सरकारी कागदावर व्यापारी. २ जुलै २०२१ च्या परिपत्रकाने व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी दिली ती बँक कर्जाच्या प्रायॉरिटी सेक्टरपुरती, थकबाकीवर तिप्पट व्याज मागायला नाही, सीएने तेवढंच उत्तर नोटिशीला दिलं आणि सोबत लांबी भरलेल्या भोकांचे फोटो जोडले. त्यानंतर त्याचा आवाज बंद. पण गेलेले १ लाख १५ हजार परत नाहीत. ग्राहक मंचाचं विचारलं तर २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल सहसा बसत नाही. पोलिसात गेलो तर "हे सिव्हिल आहे साहेब." अर्ज दिलाय, पोच घेतलीय, बघू.

नंतर जास्त पैसे देऊन नवीन घेतला, ह्यावेळी निघण्याआधी त्यांच्या शॉपमध्ये जाऊन ०.५ किलोवर तासभर चालवून बघितला. बसवताना मी जागचा हललो नाही. लेव्हल, शिम, मग ग्राउटिंग (फ्रेमखाली सिमेंट भरणं), दोन पुल्यांना दोरी लावून लाइन, मोटरला दोन वेगळे अर्थिंग. बेल्ट घालायच्या आधी मोटर नुसती टिचकी मारून (क्षणभर चालू-बंद करून) दिशा बघितली, उलटी निघाली, दोन फेज बदलले. चालू करताना सगळे व्हॉल्व्ह उघडे, मग डिस्चार्ज हळूहळू आवळत गेजवर डोळा ठेवून सेफ्टी व्हॉल्व्ह खरंच उडतो का ते बघितलं, ०.५५ ला उडाला, तेव्हाच सही केली, आणि सहीखाली करंट, आरपीएम, प्रेशर, टेंपरेचर हाताने लिहिलं. गार्डशिवाय चालू करायचाच नाही आणि गार्ड काढायचा तर आधी आयसोलेटरला (वीज तोडायच्या मेन स्विचला) कुलूप, किल्ली तात्यांच्या खिशात. मशीन बंद असताना ऑइल काचेच्या मधोमध, जास्त भरलं तरी तापतं. सक्शन फिल्टर दर सोमवारी झटकायचा. नवीन आला तेव्हा टेम्पोतून उतरवायच्या आधीच तात्यांनी खिशातल्या किल्लीने तळाला रंग खरवडला होता, ड्रायव्हर ओरडत होता, मी काही बोललो नाही.

जुना शेडमागे पडून होता. गेल्या महिन्यात भंगारवाला आला, म्हणाला तसाच उचलतो, असाच्या असा द्या, किलोला दहा रुपये जास्त देतो. कास्टिंग फोडून दिलं तर भाव कमी. असाच्या असा कशाला पाहिजे विचारल्यावर हसला फक्त. तात्यांनी घण आणला, आम्ही दोघांनी मिळून केसिंग चार तुकड्यात फोडलं आणि कमी भावाने दिलं.