दोरीचं दाताळं आणि गवत्या मासे: दिवाळी ते श्रावण, आमच्या तळ्यावरचा अनुभव

बेळगावच्या पश्चिमेला, उचगाव-बेळगुंदीच्या पट्ट्यात आमचं साधारण दहा गुंठ्यांचं मातीचं तळं आहे. वरच्या अंगाला भात आणि रताळी, खालच्या अंगाला मिरची आणि भाजी. भाजीचं सगळं पाणी याच तळ्यातून मोटारीने उचलतो. पाइपच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या फूटव्हॉल्व्हच्या जाळीला तण गुंडाळून मोटारीचं पाणी सारखं तुटायला लागलं, तेव्हा दोन गोष्टी विकत घेतल्या: दोर बांधून फेकायचं, दोन्ही बाजूंना दात असलेलं लोखंडी दाताळं आणि तण खाणाऱ्या गवत्या माशाची (ग्रास कार्प) पिल्लं. दिवाळीनंतर सुरुवात केली, आता श्रावण चालू आहे. तळं असणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते.

आधी आपल्या तळ्यात नेमकं काय वाढलंय ते बघा, कारण सगळ्या तणांना एकच उपाय लागू पडत नाही. आमच्याकडे काठाला पाणकणीस, एका कोपऱ्यात जलपर्णी आणि पाण्याखाली सगळीकडे हायड्रिला होतं. याला गावात सरसकट शेवाळ म्हणतात, पण हातात घेऊन पाहिलं की फरक कळतो. देठाच्या प्रत्येक पेराभोवती बारीक पानांचं कडं असतं आणि पानाच्या कडा बोटाला करकरीत लागतात. शेवाळाला असा देठ नसतो, पानंही नसतात.

दाताळ्याने हायड्रिला छान निघतं. आत फेकायचं, तळाला टेकू द्यायचं आणि सावकाश ओढायचं. घाईने ओढलं की वेल तुटतात, आणि पेर असलेला प्रत्येक तुकडा पुन्हा रुजतो. त्यामुळे ओढण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे तरंगणारे तुकडे गोळा करणं. थंडीत आमच्याकडे पूर्वेचा वारा असतो, तुकडे पश्चिमेच्या काठाला जमतात. तिथे दोघांनी शेडनेट धरून ओढली की बहुतेक सगळे हाती लागतात. तळातल्या चिखलात हायड्रिलाच्या बारीक गाठी राहतात आणि त्या काही वर्षं जिवंत असतात, म्हणून एका हंगामात ते कायमचं जाईल अशी अपेक्षा ठेवू नका.

दाताळ्याबरोबर आलेला नायलॉनचा दोर बारीक होता, हाताला काचायचा. तो काढून जुना कासरा बांधला, आता पकड चांगली बसते. एक दात दगडात अडकून वाकला, तो लोहाराने सरळ करून दिला. वजन मात्र जास्त आहे. एकट्या माणसाला तासभर ओढणं जड जातं.

बाहेर काढलेलं तण आम्ही एक रात्र काठाच्या उतारावरच ठेवतो. त्यात झिंगे, गोगलगायी आणि बेडकांची पिल्लं असतात. ढिगाकडे जरा वेळ बघत बसलं तर ओल्या पानांमधून एकेक झिंगा उडी मारत पाण्याकडे सरकताना दिसतो. दुसऱ्या दिवशी मात्र ढीग हलवायलाच हवा, नाहीतर कुजलेला रस परत तळ्यात उतरतो. जलपर्णीत तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. चार दिवस उन्हात टाकली की डोंगराएवढा ढीग घमेल्यात मावतो. शेणाबरोबर थर लावून खड्ड्यात घातली की खत होतं, पण फुलायच्या आधी काढा. तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षंसुद्धा टिकतं.

गवत्याबद्दल आता. मूळ चीनकडचा हा मासा 1959 मध्ये हाँगकाँगहून भारतात आला. हायड्रिला तो आवडीने खातो, जलपर्णीला जवळजवळ तोंड लावत नाही. साठलेल्या पाण्यात त्याची पैदास होत नाही, त्याला वाहती मोठी नदी लागते, त्यामुळे तळं माशांनी भरून जाईल ही भीती नको. बीज देणाऱ्याने वीतभर म्हणून सांगितलेली पिल्लं प्रत्यक्षात त्याच्या निम्मीच निघाली. तळ्यात लहान मासे खाणारी मरळ आहे, वर पाणकावळे टपलेले, त्यामुळे बरीच गेली. पैसे थोडे जास्त पडले तरी पिल्लं मोठीच घ्या आणि समोर मोजून, मापून घ्या.

थंडीत हे मासे आहेत की नाहीत असं वाटत होतं. पाणी गार असलं की ते फार कमी खातात. होळीनंतर ऊन तापलं आणि कोवळे शेंडे दिसेनासे झाले. पण मग पाणी हिरवं झालं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. मासा तण खातो, पण त्यातला नत्र आणि स्फुरद विष्ठेतून पाण्यातच राहतो, आणि त्यावर सूक्ष्म शेवाळ वाढतं. दाताळ्याने काढलेलं तण हे खत बरोबर घेऊन तळ्याबाहेर जातं. म्हणून माझ्या मते खरं काम दाताळ्याचं, मासा मदतीला. आणि दोन्हींच्या आधी, वरच्या शेतातून येणारं खत अडवायला हवं. आम्ही तळ्याच्या वरच्या बांधावर वाळा आणि गवती चहा दाट लावलाय, आणि पाऊस तोंडावर असताना वरच्या शेतात डीएपी टाकणं पूर्ण बंद केलंय. चतुर्थीचं निर्माल्यही आता पाण्यात जात नाही, काठावर टोपली ठेवतो.

मध्यंतरी भाऊजी म्हणाले, "वहिनी, एक फवारा मारला की आठवड्यात सगळं साफ. कशाला एवढं ओढत बसायचं?" मी म्हटलं, "मिरचीला हेच पाणी जातं ना, भाऊजी." जलपर्णीवर टू-फोर-डी हे तणनाशक मारतात, पण रुंद पानाच्या पिकाला ते घातक आहे आणि मिरची त्यातच येते. ग्लायफोसेट या दुसऱ्या तणनाशकाचा वापर केंद्राने 2022 मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला. मोरचुदाने शेवाळ मरतं, पण पाणी मऊ असेल तर मासेही मरतात. शिवाय सगळं तण एकदम मेलं की ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो.

उन्हाळ्यात ही गोष्ट दाताळ्यालाही लागू आहे. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच. एप्रिल-मेमध्ये एका वेळी तळ्याचा चौथा भागच काढायचा, बाकीचा पुढच्या आठवड्यांत, आणि तळ फार ढवळायचा नाही. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले तर ओढणं थांबवून मोटारीचं पाणी उंचावरून तळ्यातच सोडायचं. वळीव पडून आभाळ भरलेलं राहिलं तर नक्कीच लक्ष ठेवा.

मृग लागला की पाणी लाल होतं, तळाशी उजेड पोचत नाही आणि पाण्याखालचं तण आपोआप दबतं. तेव्हा दाताळं धुऊन, तेल लावून ठेवून द्या. पावसाळ्यात काम सांडव्यावर असतं. गवत्या प्रवाहाला लागून निघून जातो, म्हणून जाळी हवीच, पण जाळी तणाने तुंबली तर पाणी बांधावरून जाऊन बांध फुटू शकतो. आम्ही जाळी तिरकी बसवली आहे आणि आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत सकाळ-संध्याकाळ ती हाताने साफ केली. पाणी निवळतं ते दिवाळीच्या सुमारास, आणि हायड्रिला जोर धरतं तेही तेव्हाच. दाताळ्याचा पहिला हात त्याच दिवसांत फिरवायचा.

चिकोडी-अथणीकडे किंवा कर्नाटक सरकारच्या कृषी भाग्य योजनेतून केलेलं, प्लास्टिक अंथरलेलं तळं असेल तर हे लोखंडी दाताळं अजिबात आत टाकू नका, कागद फाटेल. तिथे लांब बांबूला गुळगुळीत लाकडी आडवी पट्टी बांधून तण काठाकडे ढकला आणि जाळीने उचला.