लाळेवरच्या ‘बोटॉक्स’च्या नावाखाली २६,००० रुपयांना गंडा

माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे. त्यांची लाळ गळणे थांबवण्यासाठी घरी येऊन बोटॉक्स देतो असे सांगून एका भामट्याने आमच्याकडून आधी १७,५०० आणि नंतर ‘बूस्टर’चे ८,५०० असे एकूण २६,००० रुपये उकळले. रुग्णांच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून नंबर उचलायचा, ‘काका कसे आहेत’ म्हणून आपुलकीने चौकशी करायची, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. या माणसाने दरही फार उतरवला नव्हता, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही.

आम्ही अंगारे-धुपाऱ्यांच्या मागे लागलेलो नव्हतो, हे आधीच स्पष्ट करतो. या आजारात लाळ जास्त तयार होत नाही, तर गिळण्याची क्रिया मंदावल्याने ती तोंडात साचते, हे आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी समजावले होते. लाळ कमी करणाऱ्या ग्लायकोपायरोलेटच्या गोळ्या दिल्या, तर वडिलांची लघवी अडली. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना आधीच सांगावे. लाळग्रंथींत बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजेच बोटॉक्स, देण्याचा पर्यायही त्यांनीच सुचवला होता आणि तो खराखुरा, मान्यताप्राप्त उपचार आहे. परंतु मोठ्या शहरातल्या रुग्णालयाने ३१,००० रुपये सांगितले, शिवाय व्हीलचेअरवरच्या माणसाला तिथवर न्यायचे कसे, हा प्रश्न होताच. ज्यांनी आयुष्यभर कडक इस्त्रीचा सदरा घालून वर्गात शिकवले, त्यांच्या गळ्यात सुनेने लाळेरे बांधायचे आणि त्यांनी मान फिरवून घ्यायची, हे रोज पाहणाऱ्याने मला शहाणपण शिकवू नये.

त्या माणसाने शर्टाच्या खिशातून, होय, खिशातून, आधीच भरलेली सिरिंज काढली. बोटॉक्सची कुपी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. तिच्या तळाशी जेमतेम दिसेल एवढी कोरडी भुकटी असते आणि ती सलाइनमध्ये विरघळवून मगच सिरिंजमध्ये घेतात. कुपी कुठे आहे, असे मी विचारलेसुद्धा. ‘क्लिनिकमध्ये तयार करून आणले, इथे जंतुसंसर्ग होतो,’ हे त्याचे उत्तर ऐकून मी गप्प बसलो. त्याहून संताप याचा येतो, की मोठ्या लाळग्रंथी कानापुढे आणि जबड्याखाली असतात, हे ठाऊक असूनही ओठांच्या कोपऱ्याशी सुई टोचली जाताना मी वडिलांचे डोके धरून उभा होतो! औषध भलत्या जागी गेले तर गिळणे आणखी अवघड होऊ शकते. आमच्याकडे गालाच्या सुजेवर निभावले, बहुधा सिरिंजमध्ये औषधच नसल्यामुळे. खऱ्या औषधाचा परिणाम साधारण आठवडाभरात दिसू लागतो आणि सुमारे तीन महिने टिकतो, त्यामुळे महिन्याच्या आत ‘बूस्टर’ मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पुढची कथा सरकारी आहे. पोलीस ठाण्यात ‘पैसे तुम्हीच राजीखुशीने दिले ना?’ असे विचारून हे दिवाणी प्रकरण ठरवण्यात आले. नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय करणे हा १९६१ च्या महाराष्ट्रातील कायद्याच्या कलम ३३ खाली गुन्हा आहे, असे सांगितल्यावर आरोग्य खात्याचे पत्र आणायला फर्मावले. आरोग्य खात्याने पोलिसांकडे बोट दाखवले. औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयाला नमुना हवा होता, आणि तो वडिलांच्या गालात गेलेला! डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्यांनी तर कहरच केला: तो माणूस नोंदणीकृत डॉक्टर नसल्याने त्याच्यावर कारवाई करण्याचा आम्हाला अधिकार नाही, असे त्यांनी शांतपणे सांगितले. म्हणजे खोटा डॉक्टर होण्यात केवढी सोय आहे पाहा.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. मी ‘बूस्टर’चा परिणाम दिसण्याची वाट पाहत बसलो आणि तोवर खाते रिकामे झाले होते. कुपी डोळ्यांसमोर फोडायला लावा, बॅच क्रमांकाचा फोटो काढा, रिकामी कुपी आणि पक्के बिल मागून घ्या. आमच्या अर्जावर पोलिसांनी पोच म्हणून शिक्का मारून दिला आहे. त्यावर आवक क्रमांक अजून पडलेला नाही.