माल किती वेळा फिरला: वर्षाच्या दोन टोकांवरून मोजावं की महिन्या-महिन्याला?

"सीए म्हणते माल वर्षात बारा वेळा फिरला. मंग माह्यं गोदाम जूनात गच्च भरेल कसं राह्यते?" कृषी केंद्र चालवणाऱ्या एका भाऊंचा हा प्रश्न. शंका रास्त आहे. माल 'फिरला' म्हणजे दुकानातला साठा विकून संपला आणि पुन्हा भरला; असं वर्षात किती वेळा झालं ते मोजायच्या दोन रीती आहेत.

विकलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले सरासरी साठा, हे सूत्र दोन्ही रीतींत तेच. (भागाकारात वरच्या जागी विक्रीची रक्कम घेऊ नका. तीत नफा मिसळलेला असतो, आकडा उगाच फुगतो.) फरक पडतो तो 'सरासरी' कशी काढली त्यावर.

पहिल्या रीतीत १ एप्रिल आणि ३१ मार्चच्या साठ्याची बेरीज करून निम्मी करायची. दोन्ही आकडे ताळेबंदात तयार असतात, वेगळी मेहनत नाही. गावातल्या किराण्याला ती चालून जाते, कारण तेल-साखरेचा साठा दिवाळी सोडली तर वर्षभर सारखाच. पण आपल्याकडच्या कृषी केंद्राचं काय? ३१ मार्चला हरभरा निघालेला असतो, कपाशीच्या बॅगा अजून यायच्या असतात. नेमका वर्षातला सगळ्यात रिकामा दिवस आपण मोजायला निवडतो.

समजा, वर्षभरात विकलेला माल खरेदी भावाने ३६ लाखांचा आणि दोन्ही टोकांचा साठा ३ लाख. उत्तर १२. आता दुसरी रीत: दर महिनाअखेरीचा साठा लिहायचा. एप्रिल ३, मे ८, जून १४, जुलै १०, ऑगस्ट ८, सप्टेंबर ६, ऑक्टोबर-नोव्हेंबर ५-५, डिसेंबर ४, मग मार्चपर्यंत ३-३. बेरीज ७२, सरासरी ६ लाख. माल फिरला ६ वेळा, म्हणजे सरासरी ६१ दिवस पडून राहिला. दुकान तेच, विक्री तीच, उत्तर अर्ध्यावर.

'वेळा' की 'दिवस', यात मी दिवस घेईन. ठोक व्यापारी ३० दिवसांची उधारी देत असेल, तर उरलेल्या ३१ दिवसांचं व्याज कोणाच्या खिशातून जातं ते लगेच दिसतं.

महिन्याच्या मोजणीला अर्धा दिवस मोडतो, हे खरं. तरी खरेदी ठरवायची असेल तर हंगामी दुकानाला तीच घ्या, आणि जमलं तर खत, बियाणं, औषधं वेगवेगळी मोजा. २६६.५० रुपयांचं युरियाचं चुंगडं आलं तसं जातं, पण त्यात सुटतं थोडं. औषधाची बाटली रेंगाळते, नफा बरा देते, पण तिच्यावर मुदत छापलेली असते. एकत्र सरासरीत युरिया पळतो आणि त्याच्याआड मुदत संपत आलेल्या बाटल्या लपतात.

उधारीची वही मात्र दोन्ही रीतींना दिसत नाही. जूनात माल दुकानाबाहेर पडला की तो 'फिरला'. पैसा येतो कापूस विकल्यावर. ते दिवस वेगळे मोजून त्या ६१ मध्ये मिळवावे लागतात.